पाणी पिणारा बुश

यंत्रात प्लास्टिक बसवा, असे मी सांगू लागलो तेव्हा लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर मी त्यापूर्वी एकदाच पाहिली होती. एका लग्नाच्या पंगतीत पाहुण्याने वरण-भातासाठी चमचा मागितला होता, तेव्हाची. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोखंडावर लोकांची श्रद्धा आहे. वस्तू जड असली म्हणजे ती खरी, आणि चालताना कुरकुरत असली म्हणजे ती कामसू. प्लास्टिक शोभते ते मांडवातल्या खुर्च्यांना, न्हाणीतल्या मगाला आणि बैठकीतल्या फुलदाणीला. जिथे भार पेलायचा आहे तिथे त्याचे काय काम?

माझा व्यवसाय शिकवण्याचा. तीसेक वर्षे मी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवतो. त्यांना मी सांगतो की फिरणारा दांडा जिथे स्थिर वस्तूत टेकतो, तिथे मध्ये कोणाला तरी झीज सोसावी लागते. त्या सोसणाऱ्याला बेअरिंग म्हणायचे. त्यात गोळ्या असतील तर तो श्रीमंत, नुसती नळी असेल तर तो बुश. आणि हा बुश प्लास्टिकचा असू शकतो, नव्हे, तो आपल्या घरात केव्हाचाच आहे. भिंतीवरच्या पंख्याच्या मानेत आहे, कार्यालयातल्या प्रिंटरमध्ये आहे, टेबलाच्या खणात आहे. ‘प्लास्टिक टिकते का हो, सर?’ असे मला ज्या फिरत्या खुर्चीवर रेलून विचारले जाई, तिच्या चाकांतही तोच असे. त्या खुर्चीतली माणसे बदलून जात. बुश तोच राही.

हे सगळे मी इतक्या वेळा सांगितले की मला ते येते, असा माझा समज झाला. शिक्षकाच्या धंद्यात हा धोका मोठा. जे आपण वारंवार बोलतो ते आपल्याला कळलेले आहे, असे वाटू लागते.

आमच्या व्यवसायात एक परीक्षा असते. मुलाने कानशीने घासून दोन लोखंडी तुकडे एकमेकांत बसवायचे आणि निदेशकाने ती जोडी खिडकीकडे धरायची. मधून उजेडाची रेघ दिसली की मुलगा नापास. न्यायाधीशाला निकाल देण्यापूर्वी कायदा तरी वाचावा लागतो, मला केवळ एक डोळा मिटावा लागे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत धामणगाव बढे गावाजवळच्या वस्तीतला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. त्याच्या जोडीतून रेघ दिसली आणि मी त्याला नापास केले. त्याने वाद घातला नाही. हळूच एवढेच विचारले की हे फिराचं असन तर तेल कुठून जाईन, सर? मी हसलो. मी हसलो म्हणून वर्ग हसला. त्याने आठ दिवसांत दुसरी जोडी घासून आणली, ती अंधारासारखी घट्ट होती, आणि तो पास झाला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नाही, कारण ते अभ्यासक्रमात नव्हते.

पुढे तो गावी परतला. बुद्धविहाराला लागून त्याने पत्र्याची शेड टाकली. वेल्डिंग, फवारणीचे पंप, पेरणी यंत्रांची दुरुस्ती, आणि जोडीला दोन एकर भाजीपाला. त्या पट्ट्यात हिवाळ्यात गाजर निघते. काळ्या मातीतले गाजर बाहेर येते ते चिखलाची कातडी पांघरून, आणि ते धुण्यासाठी बाया विहिरीजवळच्या टाक्यात पहाटेपासून गुडघाभर गार पाण्यात उभ्या राहतात, गोणपाटाने एकेक गाजर चोळतात. त्याच्या बायकोची बोटे दर हिवाळ्यात पेरापेराला फाटत. त्याने छिद्रांच्या पत्र्याचा एक ड्रम बनवला, तो टाक्यात अर्धा बुडवला, पट्टा लावून मोटारीवर फिरवला. एका तोंडाने मातीचे गाजर टाकायचे, दुसऱ्या तोंडाने लाल गाजर घ्यायचे.

ड्रम झकास होता. दुखणे होते दांड्याच्या दोन टोकांना. तिथे गोळ्यांचे बेअरिंग लावले की गढूळ पाणी आत शिरे आणि एका हंगामात त्याचा गंजलेला लाडू होई. दोनदा तसे झाल्यावर त्याने बाभळीच्या लाकडाचे बुश कोरले, तेलात उकळले आणि ते बसवले. ते कण्हत कण्हत चालत, दीड महिन्यात झिजत, पण अडकत नसत.

त्या भागातल्या गाजर उत्पादकांच्या गटाने अशी आठ यंत्रे घ्यायचे ठरवले. बाहेरच्या कारखान्यातून आणायची की याच्याकडून करून घ्यायची, एवढाच प्रश्न होता. अट अशी पडली की याचे यंत्र ऐन हंगामात महिनाभर न थांबता चालावे आणि एखाद्या तज्ज्ञाने तसे लेखी द्यावे. आठ यंत्रे म्हणजे त्याला दोन वर्षांचे काम होते, स्वतःचा लेथ होता आणि गावातच राहणे होते. नाही तर शेडला कुलूप लावून तो भावांसारखा पुण्याकडे एखाद्या कंपनीच्या दारात उभा राहणार होता. हे त्याने मला सांगितले नाही. गटाच्या अध्यक्षांनी सांगितले, तेही चहा पिता पिता, हवापाण्याच्या सुरात.

तज्ज्ञ म्हणून त्यांनी मला बोलावले.

लाकडाचे बेअरिंग पाहून मी पुन्हा हसलो. मोठ्याने नव्हे. मोठ्याने हसणाऱ्याला लोक माफ करतात. मी हसलो ते ओठांच्या एका कोपऱ्यातून, म्हणजे ज्याला कळायचे त्याला कळावे आणि इतरांनी मला सौम्य म्हणावे असे. मग मी प्लास्टिकचे बुश सुचवले. ते सुचवणे बरोबरच होते, आणि त्यामुळेच पुढची चूक इतकी डौलात करता आली. संथ फिरणारा ड्रम, बेताचा भार, सतत पाणी, सतत माती: असल्या जागी प्लास्टिकने लोखंडाला मान खाली घालायला लावावी. ते गंजत नाही, त्याला ग्रीस लागत नाही, आणि ग्रीसच नसेल तर त्याला चिकटून दांडा खाणारी मातीही नाही.

मलकापूरच्या दुकानात दोन प्रकारचे पांढरे दांडे होते. एक नायलॉनचा. दुसरा मेणासारखा गुळगुळीत आणि थोडा महाग. पाण्यात वापरायचा असेल तर हा न्या, असे दुकानदार म्हणाला. मी नायलॉन घेतला. नायलॉनचे नाव मला ठाऊक होते, म्हणून तो चांगला होता, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाकडून धातुशास्त्र शिकण्याइतका मी अजून खाली आलो नव्हतो. तो सांगत होता ते धातूबद्दल नव्हतेच, हेही माझ्या ध्यानात आले नाही.

संस्थेतल्या लेथवर मी तीन बुश कातले. दोन यंत्रासाठी, एक वर्गात दाखवण्यासाठी. दांड्यावर ते इतके नेमके बसले की मी दोन विद्यार्थ्यांना बोलावून दाखवले. शेडमध्ये बुश बसवताना, भोक जरा ढिले करू का, असे त्याने विचारले. ढिले काम ढिल्या मनाचे, असे मी त्याला सुनावले. हे वाक्य मला त्या क्षणी सुचले होते आणि फार आवडले होते.

उद्घाटनाला ड्रमला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मला शाल आणि नारळ मिळाला. मी चाळीस मिनिटे बोललो. या बुशला तेल नको, ग्रीस नको, काळजीही नको, असे मी म्हणालो आणि टाळ्या पडल्या. यंत्र ज्याने बनवले तो त्या वेळी मागे पट्टा ताणत होता.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. ड्रम जड चालत होता. नवे आहे, रुळेल, असे मी सांगितले. बाराव्या दिवशी पुन्हा फोन. भोकात रीमर फिरवून ते केसभर मोठे करू का, असे त्याने विचारले. अजिबात हात लावू नकोस, असे मी बजावले. तो सांगितलेले ऐकणारा माणूस आहे, आणि ते त्याला शिकवणाऱ्यांत मी होतो.

चौदाव्या दिवशी सकाळी, पाच शेतांचे गाजर रांगेत असताना, ड्रम थांबला. पट्टा जळाला, मागोमाग मोटारही जळाली. संध्याकाळच्या गाडीने माल जायचा होता, म्हणून बाया पुन्हा टाक्यात उतरल्या. मी दुपारी पोहोचलो तेव्हा त्याची बायको पाण्यात उभी होती आणि गटाची माणसे काठावर उभी होती. दोन्ही बुश दांड्याला असे आवळून बसले होते की हातोडीनेही हलेनात. मी वाकून पाहिले. एका बुशच्या कडेला काळ्या ग्रीसचे बोट फिरलेले होते. मला सुटल्यासारखे वाटले. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली आहेत.

मोटारसायकलपर्यंत मला सोडायला अध्यक्षांचे धाकटे भाऊ आले. ते हसत म्हणाले की कालपासून कुरकुरत होते, म्हणून ट्रॅक्टरच्या डब्यातले बोटभर ग्रीस त्यांनीच लावले. आमच्याकडे हा रिवाजच आहे. जे कुरकुरेल त्याला ग्रीस लावायचे, मग ते चाक असो की जावई. त्यांच्या लेखी ती मदत होती. बोटभर ग्रीसने बुश आवळत नाही, हे मला कळत होते. ते कोणी लावले, हेही मला कळले होते. घरी पोहोचल्यावर मी वीस मिनिटांत अहवाल लिहिला: ‘दिलेल्या सूचनांचे उल्लंघन करून ग्रीस वापरण्यात आल्याने व हाताळणीतील निष्काळजीपणामुळे सदर बिघाड झाल्याचे आढळून आले.’

अहवालाच्या मराठीचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिच्यात कोणी काही करीत नाही, सगळे आढळून येते. उल्लंघन कोणी केले, निष्काळजी कोण, हे मला लिहावेच लागले नाही. ते वाचणाऱ्यांनी भरून घेतले. गटात बौद्ध वस्तीतला तो एकटाच होता. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मोकळा सोडला की तो कोणाच्या अंगाला जाऊन चिकटतो, हे न कळण्याइतका मी या जिल्ह्यात नवा नाही. ते दोन बुश बसवायला मला अर्धा दिवस लागला होता. हा शब्द आपोआप बसला, आणि अगदी घट्ट.

त्याने तक्रार केली नाही. अहवालाची झेरॉक्स मिळेल का, एवढे विचारले. मी पाठवली. गट बाहेरच्या कारखान्यांकडून दर मागवू लागला.

तीन आठवड्यांनी मला वर्गात बुश दाखवायचा होता. तिसरा बुश घरी सापडेना. शोधता शोधता तो माठाखाली मिळाला. तिवईचा एक पाय डगमगत होता म्हणून बायकोने तो त्याखाली सरकवला होता, आणि माठाचे झिरपलेले पाणी अहोरात्र त्याच्यावर साचत होते. पुसून मी तो संस्थेत नेला. मुलांसमोर त्याला, यंत्रात असतो तसा, बाहेरच्या लोखंडी कड्यात बसवायला गेलो, तर तो जाईना. पूर्वी लाकडी हातोडीच्या एका टोल्याने जाणारा बुश आता कड्याच्या तोंडाशीच अडला. मापून पाहिले. तो फुगला होता.

मुलांना मी स्वाध्याय दिला आणि खाली बसलो. नायलॉन पाणी पितो. पिऊन फुगतो. हे पुस्तकात आहे. मी ते पान शिकवलेही आहे, बहुधा घंटा व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत. टेबलावरचा बुश मोकळा होता, म्हणून बाहेर फुगला. यंत्रातल्या बुशाला बाहेरून लोखंडी कड्याची भिंत होती. तो फुगणार कुठे? आत, दांड्याकडे. आणि तिथे केसभरही जागा राहू नये, याची काळजी मी स्वतः घेतली होती.

त्याच दिवशी मी धामणगावला गेलो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी दहा दिवस गेलो नाही. शास्त्रात घाईने निष्कर्ष काढू नये, असे मी स्वतःला सांगितले. बुश वाळवून पाहिला, पुन्हा भिजवून पाहिला, सकाळ-संध्याकाळची मापे वहीत लिहिली, समासही आखला. बायको दोन-तीन दिवस पाहत होती. मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मोजा तुम्ही निवांत. तोवर त्या माणसाची शेड बंद होईल, म्हणजे मोजायचं कारणच उरणार नाही.”

गटाची बैठक ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. कारखान्याचे दर त्या दिवशी मंजूर व्हायचे होते. तो दाराजवळच्या बाकावर बसला होता. मी दुसरा अहवाल वाचला. या वेळी प्रत्येक वाक्यात कर्ता होता. पाण्यासाठी चुकीचे प्लास्टिक मी निवडले. बुशात जागा मी ठेवली नाही. ड्रम जड झाल्याचे त्याने मला दोनदा कळवले आणि मी त्याला हात लावू दिला नाही. ग्रीस त्याने लावले नव्हते, आणि हे मला पहिला अहवाल लिहिण्यापूर्वी माहीत होते. या शेवटच्या वाक्याला अध्यक्षांचे भाऊ खिडकीबाहेर पाहू लागले.

मी कागद खाली ठेवला आणि थांबलो. कशासाठी थांबलो, ते आता सांगायला हरकत नाही. चूक कबूल करणाऱ्याची किंमत वाढते, असे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो होतो, आणि ती वाढ पदरात पडण्याची मी वाट पाहत होतो.

अध्यक्ष गोड बोलणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “सर, पह्यला कागद बी तुमचाच, दुसरा बी तुमचाच. आमी कोनता खरा धराव?”

खोलीत हशा पिकला. हसणे रास्त होते. ज्याची पहिली सही खोटी निघाली त्याच्या दुसऱ्या सहीवर आठ यंत्रे कोणी द्यावीत? खोट्या साक्षीने त्याचे नुकसान करायला मी पुरेसा होतो. खऱ्या साक्षीने ते भरून काढायला नव्हतो.

तेव्हा दाराजवळून तो म्हणाला की कागद राहू द्या, मशीन पाहा. मशीन सुरू आहे का, असे कोणीतरी आश्चर्याने विचारले. एकोणीस दिवस झाले, असे तो म्हणाला. या एकोणीस दिवसांत शेडकडे कोणी फिरकले नव्हते. मीही नाही. मी घरी समास आखत होतो.

सगळे चालत गेले. शेड काही लांब नाही. ड्रम फिरत होता, त्याची बायको कोरड्या पायांनी काठावर उभी राहून टोपलीने गाजर ओतत होती. त्याने जळालेली मोटार नव्या तारेने बांधून घेतली होती. आवळलेले बुश करवतीने कापून काढले होते, मलकापूरला जाऊन त्याच दुकानदाराला विचारून दुसऱ्या प्रकारचा दांडा आणला होता, भोक मोकळे ठेवले होते, माती वाहून जावी म्हणून आतून तीन चर पाडले होते आणि दांडा पॉलिश पेपरने आरशासारखा घासला होता. खरबरीत दांडा प्लास्टिक खातो, हे त्याला माझ्या भाषणातून कळले नसावे. ते मी सांगितलेच नव्हते.

अध्यक्ष बराच वेळ कान देऊन उभे होते. शेवटी संशयाने म्हणाले, “आवाज काऊन नाही येऊन राह्यला?”

त्यांनी मोटार थांबवायला लावली, दांडा हाताने हलवला. तो किंचित डुगडुगला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. दोष सापडलेल्या माणसाचा तो आनंद मी चांगला ओळखतो. हालूच द्या, असे तो म्हणाला. हे पाणी पीत नाही, पण फिरून फिरून ऊन होते, ऊन झाले की पसरते, त्याले जागा लागते. हे त्याने एखाद्या लेकराबद्दल सांगावे तसे सांगितले.

अध्यक्षांनी गटाकडे पाहिले आणि तडजोड काढली. यंत्रे त्याच्याकडूनच घेऊ, आधी दोन, मग उरलेली सहा. मात्र प्लास्टिक नको, गावात त्याचे नाव खराब झाले आहे, लोखंडी बेअरिंगच लाव.

हातात आलेले काम होते. दुसरा कोणी असता तर त्याने मान हलवली असती आणि पुढच्या हंगामात लोखंड गंजले की ते पुन्हा याच्याच माथी आले असते. त्याने मान हलवली नाही.

“बुश प्लास्टिकचेच राह्यतीन,” तो म्हणाला. “खोट प्लास्टिकची नव्हती, मापाची होती. अन् माप सरांचं होतं.”

माझ्याकडे न पाहता, आवाज न चढवता तो हे बोलला. मी मान डोलावली. त्या दिवशी मी तज्ज्ञ म्हणून केलेले एवढे एकच काम असावे जे कोणी हसण्यावारी नेले नाही. अध्यक्षांनी भावाकडे पाहिले, भावाने जमिनीकडे पाहिले, आणि प्लास्टिकसह दोन यंत्रांचे ठरले.

परत ग्रामपंचायतीत आल्यावर ठरावासोबत तज्ज्ञाची शिफारस जोडायची होती. मी खिशातून पेन काढले. तो पहिल्यांदाच माझ्याजवळ येऊन उभा राहिला. शिफारस नको, असे तो म्हणाला. तो दुसरा कागद मात्र बाहेर बोर्डावर लावा.

“पह्यला तिथंच हाय, सर. महिना झाला.”

मला हे ठाऊक नव्हते. माझ्या अहवालाची एक प्रत कोणीतरी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली होती. रेशनला येणारे, दाखल्याला येणारे, सगळे ती वाचत होते, आणि शेडकडे जाताना तो रोज तिच्यावरून जात होता. उन्हाने कागद पिवळा पडला होता. ‘निष्काळजीपणा’ या शब्दाखाली कोणीतरी बॉलपेनने रेघ ओढली होती.

शिपायाने टाचण्या शोधून दिल्या. मी दुसरा अहवाल लावला आणि पहिला काढायला हात पुढे केला. त्याने माझे मनगट धरले नाही, नुसता हात आडवा केला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “दोन्ही बाजू-बाजूनं राहू द्या.”

मी हात मागे घेतला. माझी सही दोन्हीकडे सारखीच वळणदार आली होती, आणि रेशनच्या रांगेतला एक म्हातारा चष्मा सावरत पहिल्यापासून वाचू लागला होता.